वर्गाला सांगितलंस, मला नाही

शालन, आपण दोघांनी मिळून केलेलं शेवटचं धड काम म्हणजे तुझी बाज आवळली. मधून ती झोळीसारखी खाली आली होती, तुझी पाठ जमिनीला टेकायला लागली होती. तुला उचलून भिंतीशी बसवली, बाज ओढून घेतली आणि मी पायथ्याकडून दोरी ताणायला लागलो. तू म्हणालीस, मधला पीळ मी धरते. तुझ्या मनगटात ताकद ती काय राहिली होती. मी ताण दिला की तुझ्या बोटांतून दोरी सुटायची आणि मी खेकसायचो.

"धरता येत न्हाय तर हात कशाला घालती?"

"धरलंय की. तुमीच बैलावानी वढताय."

"मग काय शेळीवानी वढू?"

"वढा. मेंढरामागं जल्म गेला तुमचा, जमंल."

हसलीस, आणि हसता हसता पोट दाबून धरलंस. मी म्हणलं, ही सूज एकदा उतरू दे, इंदापूरच्या बाजारातनं पट्टीची नवी बाज आणतो. तू म्हणालीस, "आणा की."

तुला ठाऊक होतं, आणि तू म्हणालीस आणा की. एवढ्यासाठी मी हे लिहायला बसलोय. भावजय दारातनं दोनदा डोकावून गेली, म्हणाली, भावजी, सुतकात लिवत न्हाईत. मी म्हणलं, तू चपात्या कर.

तीन दिवसांनी दुपारी तू गेलीस. उन्हं कलायच्या आत तुला ओढ्याकाठी नेलं. कॉलेजची जीप आली होती. अग्नी दिला की लोकांनी खाली बसायचं आणि एकेकानं उठून बोलायचं, ही आपल्याकडची चाल. दुसऱ्या कुणाच्या मातीवरनं मी आलो की तू विचारायचीस, आज किती जणांनी पिळलं? तर ऐक, तुझ्या वेळेला पाच जणांनी पिळलं. सरपंच तुला विद्येची देवता म्हणाला. ह्याच सरपंचानं चावडीपुढं दात काढले होते, भिवाची बायकू पुस्तकं राखती आन भिवा मेंढरं, एका घरात दोन राखणदार. तेव्हा मीही हसलो होतो, काय करणार. 

मग तुझे प्राचार्य उठले. जाळ अजून तुझ्या पायापर्यंत पोचला नव्हता. प्राचार्य म्हणाले, कॅन्सरसारख्या दुर्धर आजाराशी मॅडम शेवटपर्यंत हसतमुखानं झुंजल्या.

मी शेजारी बसलेल्या धाकट्या भावाला, आप्पाला कोपर मारलं. "आप्पा, कुणाला कॅन्सर?"

"दादा, गप बस."

"आरं पर कुणाला?"

आप्पाचं तोंड उघडंच राहिलेलं. त्यालाही ते तिथंच कळत होतं. पाठोपाठ जीवशास्त्राचे सर उठले आणि त्यांनी अवयवाचं नावच घेतलं. स्वादुपिंड. तुझ्या रजेच्या अर्जाला डॉक्टरचा दाखला होता, तेव्हा कॉलेजात सगळ्यांना ठाऊक असणारच. शिपायाला ठाऊक होतं. जीपच्या ड्रायव्हरला ठाऊक होतं. सगळ्या गर्दीत ज्याची बायको जळत होती तो एकटा अडाणी.

बारामतीचा तो दिवस मी आता परत परत काढून बघतो. डॉक्टरनं तुला खुर्ची दिली, मला दिली नाही. मी दाराशी, काखेत तुझ्या पोटाच्या फोटोचा लखोटा. तो तुझ्याशी इंग्रजीत बोलला. तू त्याला इंग्रजीत काहीतरी विचारलंस, मग परत विचारलंस, मग आणखी. मला तेव्हा बरंच वाटलं. म्हणलं, बघ लेका, माझी बायको कुणाला सोडत नाही. मग मी विचारलं, काय म्हणतोय? तू माझ्या डोळ्याला डोळा देऊन म्हणालीस, "सूज हाय पोटात. टाइम लागंल, पर उतरंल." डॉक्टरला मराठी येत होतं, शालन. तो मान खाली घालून लिहीत बसला.

जन्मभर दुसऱ्याच्या पुस्तकातलं तिसऱ्याला समजावून सांगायचा तुझा धंदा. खोटं समजावलंस ते एकदाच, आणि माझ्यापुढं. नंतर स्टँडवर भजी घेतली. तू अर्धं भजं कुरतडलंस आणि पुडा माझ्याकडं सारलास, "खावा, गार व्हत्यात." मी खाल्ली. वर आणि चटणी मागून घेतली. तू मला तुझ्या मरणाची भजी चारलीस.

तुझा धंदा काय हे मला कळायलाही वर्षं गेली. लोकांना वाटायचं, कॉलेजच्या लायब्ररीतल्या कपाटाला कुलूप घालायचं आणि काढायचं, एवढ्यासाठी सरकार बाईला पगार देतंय. मलाही तसंच वाटायचं. तू पुण्याला त्या कोर्सला गेलीस तेव्हा वर्षभर हातानं भाकरी थापताना मी म्हणायचो, पुस्तकं मोजायला कसला आलाय कोर्स. मग तू घरी आलीस की तासाचं सांगायचीस. पोरं खेड्यापाड्यांतून येतात, आल्या आल्या म्हणतात, मॅडम, गाईड द्या. पेपरात काय येनार तेवढंच सांगा. तू त्यांना गाईड देत नव्हतीस. पुस्तक उलटं धरून मागून उघडायला लावायचीस. पोरं हसायची, मॅडमना पुस्तक धरता येत न्हाय. मग मागची यादी दाखवायचीस, कुठला शब्द कुठल्या पानावर. मग विचारायचीस, हे कुणी लिवलं? कवा लिवलं? दुसरा ह्याच गोष्टीवर काय म्हणतो? सर लोकांकडं जाऊन बसायचीस, पुढच्या महिन्यात काय शिकवणार ते काढून घ्यायचीस आणि त्यावरची पुस्तकं आधीच टेबलावर मांडून ठेवायचीस. म्हणजे पोरांनी सरांच्या वहीतलं उतरवून घेण्याआधी स्वतः शोधावं. काही सरांना ते झोंबायचं. एकानं तुला स्टाफरूममध्ये तोंडावर विचारलं, बाई, शिकवायचं आम्ही का तुम्ही? तू म्हणालीस, तुम्हीच शिकवा सर, मी फक्त त्यांना शंका काढायला शिकवते. तो महिनाभर तुझ्याशी बोलला नाही. घरी येऊन तू हे सांगताना इतकी हसलीस की तव्यावरची भाकरी करपली.

तुला पोर झालं नाही. बायका तुझ्या तोंडावर म्हणायच्या, वांझेला पुस्तकांची पिल्लं. तू त्यांच्याच पोरींना पहिल्या बाकावर बसवायचीस. मला ते कधी समजलं नाही. मी असतो तर दाराबाहेर काढल्या असत्या.

आणि हे मी लिहितोय, तेही तुझ्यामुळंच. मी चौथीत सोडलेली शाळा. तू शिकवायला बसलीस की मी उठून गोठ्यात जायचो. पण तुझ्याशी भांडायला काहीतरी हातात पाहिजे म्हणून पेपर वाचायला लागलो. तू म्हणायचीस असं नसतं, की मी पेपर काढायचो, हे बघ, छापलंय. तू म्हणायचीस, छापलंय खरं, पर कुणाच्या सांगण्यावरनं? की मी परत वाचायचो. अशी माझी शाळा झाली. तुझ्या रागावर.

आपला मोठा वाद मात्र अर्धाच राहिला. आईच्या घशात गाठ झाली तेव्हाचा. डॉक्टरनं मला आणि तुला बाजूला घेऊन सांगितलं होतं. मी तुला बजावलं, म्हातारीला सांगायचं न्हाय. तू दुसऱ्या दिवशी तिच्या उशाशी बसलीस आणि म्हणालीस, "आत्या, डॉक्टर म्हणतोय आता लई दिस न्हाईत." आई म्हणाली, "तुझ्या तोंडाला आग लागू दे, भवाने." दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडली. दुसऱ्या दिवशी उठून बसली आणि हुकूम सोडायला लागली. निमगावची बहीण बोलवा. त्या दोघी एका बांधावरनं तुटलेल्या, एकमेकींच्या लग्नकार्याला गेल्या नव्हत्या. मावशी बाजाराच्या गाडीनं आली. दोन म्हाताऱ्या एका बाजेवर झोपायच्या आणि तोच बांध परत भांडायच्या. आई गेली तेव्हा लोक म्हणाले, म्हातारी समाधानानं गेली. मी म्हणालो नाही.

मी तुझ्यावर हात उगारला होता त्या दिवशी. मारला नाही, पण उगारला. तू म्हणालीस, "तिचं मरण हाय, तिला कळाया पायजे. तुमचं न्हाय ते, दडवून ठिवायला." मी म्हणलं, "माणूस अंधारातच बरा. उद्या मी मरायला टेकलो, न्हायतर तू टेकलीस, तरी मला सांगशील तर याद राख. ऐकलंस का?"

ऐकलंस. एवढ्या संसारात माझं एक ऐकलं नाहीस. साडी म्हणलं तर पुस्तक आणलंस, गप म्हणलं तर बोललीस, नोकरी सोड म्हणलं तर बढती घेतलीस. ऐकून ऐकून ऐकलंस ते एवढंच. अगं, रागात माणूस काहीही बोलतो. कुणी सांगितलं, कवा सांगितलं, कशावरनं सांगितलं, हे तू सगळ्या तालुक्याच्या पोरांना तपासायला लावलंस, आणि नवऱ्यानं रागात टाकलेला शब्द तपासावा असं तुला वाटलं नाही. का तपासलास, आणि म्हणलीस, ह्या मेंढक्याला झेपायचं न्हाय? ते तरी सांगून जायचं होतंस. माझ्या आईला झेपलं. ती अंगठा उठवायची.

तो वाद मी जिंकलो, शालन. शेवटी तू माझ्या मतानं वागलीस. मला ही जीत नको आहे, कुणी घेत असेल तर दारावर ठेवतो.

मसणवट्यातून घरी आलो. लिंबाचा पाला चावला, पायावर पाणी घेतलं. ओट्यावर तुझ्या कॉलेजच्या पोरी बसल्या होत्या. त्यांतली एक उठली, निमगाव केतकीची मंगल, सायन्सच्या पहिल्या वर्षाची. तोंड सुजलेलं. म्हणाली, "काका, मॅडमना जे झालं हुतं, ते आमाला ठावं हुतं."

"तुमालाच का. समद्या जिल्ह्याला ठावं हुतं म्हणं."

"तसं न्हाय काका. मॅडमना झालंय हे ठावं नव्हतं. रोग ठावा हुता."

मला काही उमगेना. मी म्हणलं, नीट सांग. तिनं सांगितलं, आणि मी ते खांबाला धरून ऐकलं.

दसऱ्याच्या आधी, म्हणजे बारामतीहून आल्यावर थोड्याच दिवसांनी, तुझा गुरुवारचा तास. जीवशास्त्राच्या सरांचा आजारांवरचा धडा पुढं येणार होता म्हणून तू वर्गाचे गट पाडलेस. एकाला हिवताप दिलास, एकाला क्षय, एकाला पटकी. मंगलच्या गटाला स्वादुपिंडाचा कॅन्सर. तीन ठिकाणी शोधायला लावलंस, पेपरच्या कात्रणांत, मराठी कोशात आणि पुण्याहून मागवलेल्या जाडजूड इंग्रजी पुस्तकात. कात्रणात कुठल्यातरी वैद्याच्या पुडीनं रोगी ठणठणीत झालेला. कोशात चार ओळी. इंग्रजी पुस्तकात पानंच्या पानं.

"मॅडम म्हणल्या, तिघं तीन सांगत्यात, कुणाचं धरायचं? सुधीर म्हणला, पेपरचं, ताजं हाय. मॅडम म्हणल्या, मग त्या बऱ्या झालेल्या मानसाचं गाव शोधून दे, मी एस्टीनं जाऊन भेटून येते. वर्ग हासला."

"मग?"

"मग मला म्हणल्या, रोगी किती जगतो ते जाड्या पुस्तकात बघ. मागनं उघड. मी मागच्या यादीतनं पान काढलं आन उभी ऱ्हाऊन वाचलं. मॅडम म्हणल्या, पुस्तक कवाचं हाय? मी साल सांगितलं, जुनं हुतं. मॅडम म्हणल्या, नवं मागवलंय, तवर हे धरून चालू. आन महिन्यांचा आकडा फळ्यावर लिवला."

"तिनं लिवला?"

"व्हय. आन खाली रेघ वढली."

मग ती पोर ओट्यावर बसली आणि गुडघ्यांत तोंड घालून म्हणाली, "मी लई मोठ्यानं वाचलं, काका. मागच्या बाकाला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं वाचलं."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला पाहिजे होता. माझ्या जागी तू असतीस तर ठेवला असतास. मी म्हणलं, "उद्या सकाळी कॉलेजात ये. ज्या पुस्तकातनं वाचलंस ते मला वाचून दाखव." ती घाबरून मागं सरकली. मी म्हणलं, "वर्गाला दाखवलंस न्हवं? मग मला बी दाखव."

सकाळी चूळ भरून टोपी घातली तर आप्पा आडवा आला. "दादा, आजून राख सावडायची हाय. सुतकात गावची येस वलांडू न्हाय. लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हण, शाळंत गेलाय."

पहिल्या गाडीनं इंदापूर गाठलं. कंडक्टर ओळखीचा. त्याला तुझं कळलं नव्हतं. म्हणाला, "आज एकटंच? मॅडम आजून रजेवरच का?" मी म्हणलं, व्हय.

कॉलेजला तुझ्या नावानं सुट्टी दिली होती. फाटकाशी फळ्यावर काळी चौकट काढून तुझं नाव लिहिलेलं, आणि पोरं सुट्टी मिळाली म्हणून सायकली उडवत परत चाललेली. मला त्यांचा राग आला नाही. मंगल पायरीवर बसली होती. तुझ्या लायब्ररीचा शिपाई नामदेव मला बघून उठला, त्यानं कुलूप काढलं आणि तुझ्या टेबलाला पाठ करून उभा राहिला.

मी बाकावर बसलो. पोरं बसतात त्या. मंगलनं ते जाडं पुस्तक आणलं, मागून उघडलं, पान काढलं. एक ओळ इंग्रजीत वाचायची, मग मला मराठीत सांगायची. आकडा आला. मी तो इथं लिहीत नाही. तू त्याच्याही आधी गेलीस. ती रडायला लागली तेव्हा मी म्हणलं, "रडू नको, वाच. मॅडमपुढं रडलीवतीस का?" ती वाचत राहिली. दुखणं कसं वाढतं, अंग कसं पिवळं पडतं, सगळं. जे मी घरात डोळ्यांनी बघितलं होतं ते सगळं त्यात आधीच छापलेलं होतं.

मी विचारलं, "संपलं?"

"ह्यातलं संपलं. आजून एक हाय, नर्सिंगचं बारकं पुस्तक. मॅडमनी ते बी वाचायला लावलं हुतं. रोग्याची देखभाल कशी करायची ते. ते सुधीरनं वाचलं हुतं."

"ते बी आण."

बारकं पुस्तक, निळ्या पुठ्ठ्याचं. त्यात लिहिलं होतं, कूस बदलावी. ओठ ओले करावेत. ते मी केलं होतं, कुणी न सांगता. मंगल पुढं वाचायला लागली आणि मध्येच थांबली. मी म्हणलं, थांबू नको. ती म्हणाली, "शेवटी शेवटी रोग्याला जबरदस्तीनं खायला घालू नये, काका. अन्न पचत न्हाय. त्यानं तरास वाढतो."

"परत वाच."

तिनं परत वाचलं.

शालन, मी तुला कसं भरवलं हे तुला सांगायला नको. भाकरी दुधात कुस्करून, मांडीवर डोकं घेऊन, जबडा धरून. दोन घास पोटात गेले की ताकद येईल, असं आपल्याकडं लहानापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे सांगतात, मीही तेच धरलं. तू तोंड फिरवायचीस की मी शिव्या द्यायचो, गिळ म्हणायचो. तू गिळायचीस. मग घटकाभरानं सगळं ओकायचीस, आणि मी धुऊन काढून परत कालवायला बसायचो. शेवटच्या दिवशीसुद्धा. मी शेजाऱ्यांना छाती फुगवून सांगायचो, एक येळ उपाशी ठिवली न्हाय.

हे पान तुझ्यापुढं वाचलं गेलं होतं. तू एवढंच म्हणायचं होतंस, अहो, नको, ह्यानं दुखतं. मग मी विचारलं असतं, का दुखतं, आणि तुला सगळं सांगावं लागलं असतं. ते सांगायचं नव्हतं म्हणून तू गिळत राहिलीस. आणि गिळून झाल्यावर माझ्या बाहीनं तोंड पुसून एकदा म्हणालीस, "गोड केलाय आज काला." मी दुसऱ्या दिवशी गूळ वाढवला.

मंगल दोन्ही पुस्तकं जाग्यावर ठेवायला उठली. मी म्हणलं, बारकं दे इकडं. तिनं दिलं. मी ते उपरण्यात गुंडाळलं, काखेत मारलं आणि उठलो. नामदेव आडवा आला. बिचारा हात जोडूनच उभा राहिला.

"काका, ते बाहिर जात न्हाय. हितंच बसून वाचायचं असतं."

"कुणाचा नियम हाय?"

"मॅडमचाच."

"मग मॅडमला सांग, भिवानं नेलंय," मी म्हणलं, "आन पायजे असंल तर घरी येऊन माझ्याकडनं मागून घे म्हणावं." आणि जिना उतरलो.